पुण्यात पहिली नोकरी लागली, राहायचं कुठं? कॉट बेसिस, पीजी, को-लिव्हिंग आणि फ्लॅट यांचं परीक्षण

जून-जुलै आला की लातूर, नांदेड, जळगाव, सांगली, अकोल्याची मुलं-मुली ऑफर लेटर घेऊन पुण्यात उतरतात. कॉलेजचं होस्टेल सुटलेलं असतं, पहिला पगार लांब असतो आणि जॉइनिंगला चार दिवस उरलेले असतात. त्या घाईत मित्राच्या मित्रानं सांगितलेली जागा पक्की होते, डिपॉझिट जातं आणि महिन्याभरात कळतं की ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. पुण्यात पदवीनंतर राहण्याच्या ज्या चार सोयी मिळतात, त्या इथं एकेक करून तपासल्या आहेत.

निष्कर्ष आधीच सांगायचा तर असा: पहिले दोन-तीन महिने लॉक-इन (ठरल्या मुदतीआधी जागा सोडता येत नाही अशी अट) नसलेल्या साध्या पीजीत, म्हणजे जेवणासकट भाड्याच्या खोलीत, काढा. तेवढ्यात ऑफिसचा रस्ता कळतो, माणसं कळतात. मग ऑफिसच्या बाजूला, दोघातिघांबरोबर, सगळ्यांची नावं असलेल्या नोंदणीकृत करारावर फ्लॅट घ्या. गावाकडूनच अकरा महिन्यांचा फ्लॅट ठरवून येऊ नका आणि पीजीत वर्षं काढू नका.

आधी बाजू ठरवा

भाडं बघण्याआधी ऑफिसचा नेमका पत्ता मागून घ्या. ऑफर लेटरवर नुसतं ‘हिंजवडी, पुणे’ असतं. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क तीन फेजमध्ये पसरलंय आणि तिसरी फेज माण गावापर्यंत जाते. एचआरला ईमेल करून फेज, इमारत आणि गेट विचारा, शिवाय कंपनीची बस आहे का, कुठून सुटते आणि तिचे पैसे पगारातून कापतात का, हेही विचारा. बसचा थांबा कुठं आहे यावर घराची जागा ठरू शकते.

हिंजवडीची खरी अडचण किलोमीटरमध्ये दिसत नाही. हायवे ओलांडून आत जाणारी बहुतेक वाहनं वाकड पूल, भूमकर चौक आणि शिवाजी चौक या मोजक्या ठिकाणी एकवटतात. त्यामुळं सकाळी आत जाताना आणि संध्याकाळी बाहेर येताना तीच कोंडी. फेज १ मध्ये ऑफिस असेल तर वाकड, थेरगाव, पिंपळे सौदागर चालून जातं. दुकानं, दवाखाने, खाणावळी सगळं हाताशी असतं. फेज ३ मध्ये असेल तर माण, मारुंजी किंवा फेजमधल्याच गृहसंकुलात राहणं शहाणपणाचं. तिथले तोटेही लक्षात घ्या: ग्रामपंचायतीची हद्द, पाण्यासाठी टँकरवर भिस्त, जोराच्या पावसात रस्त्यावर साचणारं पाणी आणि रात्री दहानंतर शुकशुकाट. तरी रोजचे दीड-दोन तास वाचतात, आणि पहिल्या नोकरीत ते तास फार मोलाचे असतात. माण ते शिवाजीनगर ही मेट्रोची तिसरी मार्गिका २३ किलोमीटरची आणि २३ स्थानकांची आहे. तिच्या भरवशावर घर घ्यायचं असेल तर तुमच्या घराजवळचं आणि ऑफिसजवळचं स्थानक प्रत्यक्ष चालू आहे का, ते बघूनच टोकन, म्हणजे घर धरायची आगाऊ रक्कम, द्या. एजंटच्या तोंडी ‘मेट्रो दोन मिनिटांवर’ हे वाक्य नुसते खांब उभे असले तरी येतं.

पूर्वेकडं ऑफिस असेल तर चित्र वेगळं. वनाझ ते रामवाडी ही मेट्रो ६ मार्च २०२४ पासून पूर्ण धावते. पुणे स्टेशन, बंडगार्डन, येरवडा, कल्याणीनगर या पट्ट्यात काम असेल तर कोथरूडला राहूनही निभतं. आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप या स्थानकांपासून चालत दहा मिनिटांच्या आत घर शोधा. खराडीचं मात्र तसं नाही. ईऑन किंवा वर्ल्ड ट्रेड सेंटर ही ऑफिसांची संकुलं रामवाडीपासून पुढं पाच-सहा किलोमीटरवर आहेत आणि ते अंतर नगर रस्त्याच्या गर्दीतून रिक्षानं किंवा बसनं कापावं लागतं. शेअर रिक्षाचे रोजचे दोन्ही वेळचे पैसे महिन्याला जोडून बघा; कोथरूडला भाड्यात काही वाचलं तरी ते तिथंच संपतं. खराडीसाठी चंदननगर, वडगाव शेरी आणि खराडी गावठाण हे भाग सोयीचे. वाघोली स्वस्त आहे, पण संध्याकाळचा नगर रस्ता एकदा बघून मगच ठरवा. केशवनगर नकाशावर खराडीला खेटून दिसतं, पण मधे नदी आहे, त्यामुळं मुंढवा चौकाची गर्दीही हिशेबात धरा.

मगरपट्टा आणि फुरसुंगीच्या बाजूला काम असेल तर हडपसर सोडून लांब जायचं कारण नाही. चाकण-भोसरीतल्या कारखान्यांत लागलेल्या डिप्लोमा आणि मेकॅनिकलच्या मुलांनी आधी कंपनीच्या बसचा मार्ग मागावा; निगडी, भोसरी, मोशी यांपैकी जिथं थांबा असेल तिथंच खोली घ्यावी. फर्स्ट शिफ्टला भल्या पहाटे निघावं लागतं, त्या वेळी मेट्रोही नसते.

रस्ता तपासायची वेळ कामाच्या दिवशी सकाळी नऊ आणि संध्याकाळी साडेसहा ही. रविवारी दुपारी गाडीवरून फेरी मारून काहीच कळत नाही. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर मोबाईलच्या नकाशात निघण्याची वेळ मंगळवार संध्याकाळी साडेसहा अशी घालून लागणारा वेळ बघा.

पाण्याचंही इथंच विचारा. पुणे महापालिका देखभालीसाठी पाणी बंद ठेवते तेव्हा तो बहुधा गुरुवार असतो आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबानं येतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड सुरू झालं. म्हणून ‘पाणी आहे का’ असं न विचारता ‘टाकी किती लिटरची, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर किती येतात आणि त्याचे पैसे कोण देतं’ असं विचारा. एप्रिल-मेमध्ये टँकरचे पैसे मेंटेनन्सवर चढतात आणि करारात काही लिहिलेलं नसेल तर ते भाडेकरूच्या गळ्यात येतात.

कॉट बेसिस

सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, थोडं कर्वेनगर. जुन्या वाड्यात किंवा बंगल्यात एक खोली, तीन-चार लोखंडी कॉट, एक कपाट आणि बाहेर सामाईक संडास-बाथरूम. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी ही सोय अजूनही पुण्यात सर्वांत चांगली आहे, कारण अभ्यासिका आणि मेस चालत पाच मिनिटांवर असतात. भाडं या चारांत सर्वांत कमी.

नोकरी करणाऱ्यासाठी मात्र ती अपुरी पडते. बहुतेक ठिकाणी लेखी काही नसतं, पावती नसते, पत्त्याचा पुरावा मिळत नाही. घरातून काम करायची वेळ आली तर बसायला टेबल नसतं आणि खोलीतले बाकीचे वाचत असतात, त्यामुळं मीटिंगमध्ये बोलता येत नाही. दुचाकी लावायला जागा मिळणं नशिबाचं. मेसचं गणितही वेगळं बघा: महिन्याच्या पैशांत रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद, हा सर्रास नियम. आठवड्याच्या सुटीला गावी गेलात तर खाडा धरतात का, सलग किती दिवसांचा खाडा चालतो, ते पहिल्याच दिवशी विचारा. शिवाजीनगर किंवा डेक्कनला ऑफिस आणि हात आखडता असेल तर सहा महिने ठीक. एरवी नाही.

पीजी

सगळ्यात जास्त मुलं इथंच राहतात आणि सगळ्यात जास्त तक्रारीही इथल्याच. भागानुसार तिघांच्या खोलीत साधारण सात ते दहा हजार, दोघांच्या खोलीत नऊ ते चौदा हजार, एकट्याची खोली पंधरा हजारांच्या पुढं. त्यात नाश्ता आणि जेवण, वायफाय, झाडूपोछा धरलेला असतो. वीज बहुधा वेगळी. पीजीतली चांगली गोष्ट एकच, पण मोठी: बॅग घेऊन संध्याकाळी आलात तरी रात्री झोपायला गादी आणि जेवायला ताट असतं. नवीन नोकरीच्या पहिल्या महिन्यात याची किंमत कळते.

खोली बघायला दुपारी जाऊ नका. रात्री आठ-साडेआठला जा, जेवणाच्या वेळी. तेव्हा सगळे घरी असतात, वायफायवर ताण असतो, नळाला किती जोर आहे ते कळतं आणि भाजी समोर दिसते. दाखवणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकत उभं न राहता पुढची कामं करा.

गादीचं टोक उचला. शिवणीच्या कडेला आणि कॉटच्या प्लायच्या फटीत बारीक काळे ठिपके दिसले की ढेकूण आहेत, तिथून लगेच निघा. तुमच्या बॅगेतून ते पुढच्या घरीही येतील. भिंतीवर बोटानं टकटक करा. पोकळ आवाज आला तर एका मोठ्या खोलीत प्लायवूड घालून दोन केल्या आहेत. शेजारच्याचा फोन, अलार्म आणि घोरणं सगळं ऐकू येईल, आणि बऱ्याचदा अशा खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते. बाथरूममध्ये नळ आणि शॉवर एकदमच सोडून धार बघा. गीझरवर लिटर लिहिलेले असतात: १५ लिटरच्या गीझरचं कढत पाणी गारात मिसळून दोघांच्या बादल्या होतात, तिसऱ्याला वीसेक मिनिटं थांबावं लागतं. एका बाथरूममागं चार जण आणि सगळ्यांची कॅब साडेसातची असेल तर रोज भांडण ठरलेलं. सोलरचं पाणी असेल तर पावसाळ्यात पर्याय काय, ते विचारा. पाण्याच्या फिल्टरवर सर्व्हिसचं स्टिकर असतं, त्यावरची शेवटची तारीख वाचा. वायफायचा वेग खोलीच्या आत, दार लावून, तुमच्या मोबाईलवर मोजा. राऊटर जिन्यात असला की आतल्या खोलीत काही उरत नाही. इनव्हर्टर आहे म्हणतात तेव्हा तो पंखा-दिव्यापुरता आहे की राऊटरलाही, ते विचारा. आणि बाहेर पडायचा दुसरा जिना किंवा रस्ता आहे का, तो बघा. पार्टिशन घातलेल्या, एकच अरुंद जिना असलेल्या इमारतीत मी म्हणेन की भाडं निम्मं असलं तरी राहू नये.

मग राहणाऱ्या एखाद्याला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारा: ‘मागच्या महिन्यात जो सोडून गेला त्याचं डिपॉझिट किती दिवसांनी आणि किती कापून मिळालं?’ पीजीचा खरा दर्जा या उत्तरात असतो. जेवण खराब निघालं तर बाहेर खाता येतं, अडकलेलं डिपॉझिट सोडवता येत नाही.

डिपॉझिट का अडकतं? बऱ्याच पीजींचा चालक इमारतीचा मालक नसतो. त्यानं अख्खी इमारत किंवा चार-सहा फ्लॅट भाड्यानं घेतलेले असतात आणि तुमचं डिपॉझिट त्याच्या रोजच्या खर्चात फिरत असतं. नवा मुलगा आला की त्याच्या पैशातून जुन्याचं दिलं जातं. खोल्या रिकाम्या पडल्या की देणं थांबतं. चालकानं मालकाचं भाडं थकवलं तर मालक येऊन कुलूप लावतो आणि राहणाऱ्यांना दोन दिवसांत सामान काढावं लागतं. म्हणून पीजीत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट देऊ नका. जे द्याल ते बँकेतून किंवा यूपीआयनं, व्यवसायाच्या खात्यावर, शेऱ्यात ‘डिपॉझिट’ असं लिहून द्या. पावतीवर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर चार गोष्टी लिहून घ्या: नोटीस किती दिवसांची, कापणार काय आणि किती, विजेचा दर काय, आणि पैसे परत किती दिवसांत. ‘मेंटेनन्स’ म्हणून सरसकट कापली जाणारी रक्कम आधी ठरलेली नसेल तर शेवटी ती वाढते.

विजेसाठी सबमीटर असेल तर पहिल्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढा. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतो; अख्ख्या मजल्याचं एकच मीटर असलं की वापर वरच्या टप्प्यात जातो आणि एकट्याच्या घरापेक्षा युनिट महाग पडतं. चालक त्याहूनही जास्त लावत असेल तर मूळ बिल मागा.

एकंदर पीजीला पहिल्या तीन महिन्यांसाठी पाचपैकी चार. वर्षभरासाठी अडीच. खोली आपली होत नाही, आईवडील भेटायला आले तर त्यांना लॉजवर ठेवावं लागतं, आणि आजारी पडलात तर पेज करायलाही शेगडी नसते.

को-लिव्हिंग

अ‍ॅपवरून बुकिंग, कंपनीनं चालवलेली सामाईक घरं, रंगवलेल्या भिंती, टीव्ही असलेला हॉल, हाउसकीपिंगचं वेळापत्रक. दोघांच्या खोलीला साध्या पीजीपेक्षा तीन-चार हजार जास्त. तक्रार अ‍ॅपवर नोंदवता येते आणि तिचा नंबर मिळतो, हा फायदा खरा. हिशेबही लेखी असतो. पण करार नीट वाचा: लॉक-इन सहा किंवा अकरा महिन्यांचं असतं आणि आधी सोडलं तर डिपॉझिट तर जातंच, कधी उरलेल्या महिन्यांचं भाडंही मागतात. पहिल्याच नोकरीत प्रोजेक्ट बदलून हिंजवडीवरून खराडीला जावं लागणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळं ज्यांचं लॉक-इन तीन महिन्यांच्या आत आहे, तिथंच सही करा.

बिलावर जीएसटी लावला असेल तर थांबा. जुलै २०२४ पासून, माणशी महिन्याला २० हजार रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या राहण्याच्या सेवेला जीएसटी माफ आहे. होस्टेल, पीजी, को-लिव्हिंग सगळ्यांना तो नियम लागू. चौदा हजारांवर कोणी १८ टक्के जोडत असेल तर ते अडीच हजार रुपये दर महिन्याला फुकट जातात. बुकिंग ९० दिवसांपेक्षा कमी केलंत तर मात्र ही सूट मिळत नाही, म्हणून करारात मुदत नीट लिहून घ्या आणि लॉक-इन बरोबर त्या मुदतीपुरतंच मान्य करा.

भाड्याचा फ्लॅट

फ्लॅट स्वस्त पडतो असा समज आहे. आकडे मांडून बघू. वाकड-खराडीच्या बाजूला साधा टू बीएचके २७ हजार धरला आणि चौघे राहिले तर माणशी ६,७५०. वीज, गॅस, इंटरनेट, कामवाल्या मावशी मिळून बाराशेच्या आसपास. दोन वेळचा डबा किंवा स्वयंपाकाच्या मावशी आणि किराणा मिळून तीन-साडेतीन हजार. बेरीज अकरा-साडेअकरा हजार, म्हणजे दोघांच्या पीजीइतकीच. उलट सुरुवातीला जास्त पैसे लागतात: लाखभर डिपॉझिटचा चौथा हिस्सा २५ हजार, महिन्याभराच्या दलालीचा हिस्सा ६,७५०, पहिलं भाडं ६,७५०, कराराचा खर्च आणि गादी-बादली-भांडी मिळून चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये हातात हवेत. जॉइनिंग महिन्याच्या मध्यावर असेल तर कंपनी बहुधा पुढच्या महिन्यात दोन्हींचा पगार एकत्र काढते, तेही धरा.

तरीही फ्लॅट घ्यावा असंच मत आहे, आणि त्याचं कारण करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (घर भाड्यानं घेताना होतो तो) करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे. अकरा महिन्यांचा असला तरीही. ‘अकरा महिन्यांला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते’ हे पुण्यात अजून ऐकायला मिळतं आणि ते चूक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. पीजीत असलं संरक्षण हाताशी नसतं. शिवाय हाच कागद बँक, गॅस, पासपोर्ट सगळीकडं पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

खर्च आधी स्वतः काढा, म्हणजे एजंटचा आकडा तपासता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, एकूण भाड्यात डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी होणारं व्याजही धरतात. २७ हजार गुणिले अकरा म्हणजे २,९७,०००, लाखाच्या डिपॉझिटचं अकरा महिन्यांचं व्याज ९,१६७, बेरीज ३,०६,१६७, त्याचे ०.२५ टक्के ७६५, म्हणजे शुल्क सुमारे ८०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण हद्दीत ५००. त्यावर कागदपत्र हाताळणीचे थोडे. बाकी जे काही एजंट मागेल ती त्याची, घरी येऊन थंब (अंगठ्याचा ठसा) घेण्याची फी, आणि ती कमी करून मागता येते. करार ऑनलाइन होतो: मसुदा, आधार क्रमांक, अंगठा, फोटो, दोन साक्षीदार. अंगठा देण्याआधी मसुदा पीडीएफमध्ये मागून घरी वाचा. थंबच्या वेळी मोबाईलच्या पडद्यावर घाईत वाचून सही करणाऱ्यांनाच पुढं अटी कळतात.

वाचताना हे शोधा. राहणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत का? एकाच्याच नावावर करार आणि बाकीचे तसेच, हे पुण्यात फार चालतं. मग तो एकटा चौघांच्या भाड्याला आणि तोडफोडीला जबाबदार राहतो, आणि बाकीच्यांना घरात राहायचा कसलाही हक्क नसतो. नावं असतील तरी चौघांनी आपसात वेगळा कागद करा: कोणी किती डिपॉझिट दिलं, मधेच सोडणाऱ्यानं नवा माणूस आणून द्यायचा, त्याच्याकडूनच डिपॉझिट घ्यायचं आणि मालकाला कळवायचं. फ्लॅटमधली मैत्री तुटते ती बहुतेक या एका मुद्द्यावर. पुढं, रंगाचे पैसे: ‘एक महिन्याचं भाडं रंगकामासाठी कापणार’ अशी ओळ असेल तर ती अकरा महिन्यांसाठी जास्त आहे, घासाघीस करा. सोसायटीचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि ते मालकानं भरायचं असतं, तुमच्या भाड्यात वर जोडलंय का ते बघा. लॉक-इन दोघांनाही सारखं आहे का, तेही बघा. काही मसुद्यांत भाडेकरूला सहा महिने सोडता येत नाही, मालक मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर बाहेर काढू शकतो.

मालक खरा आहे का, हे तपासायला लाईट बिल आणि घरपट्टीची पावती मागा, नाव आधारशी जुळवा. शंका वाटली तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-२ (घराच्या नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा) बघता येतो. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती द्यायची जबाबदारी मालकाची. ती ऑनलाइन देता येते, पोच मागून घ्या. गॅससाठी पाइपलाइन नसेल आणि कनेक्शनला वेळ लागत असेल तर पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. चौघांना पुरणार नाही, पण चहा-मॅगीला बरा.

भाड्याच्या पावत्यांबद्दल एक सांगायला हवं. एचआरएची (घरभाडे भत्त्याची) करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे. कंपनीत काही निवडलं नाहीत तर नवी प्रणाली लागते आणि पावत्यांचा उपयोग होत नाही. जुनी घेणार असाल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर जात असेल तर मालकाचा पॅन लागेल, तो करारावर घालून घ्या.

मुलींसाठी वेगळं

रात्री दहाला गेट बंद, उशीर झाल्यास घरी फोन, असे नियम बऱ्याच लेडीज पीजींत आहेत. सेकंड शिफ्ट असेल तर जॉइनिंगआधीच कंपनीच्या शिफ्टचं पत्र दाखवून, उशिरा येण्याची परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगी वॉर्डन बदलली की संपते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना काम द्यायचं तर त्यांची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय कंपनीनं करायची आहे. म्हणून घर गल्लीच्या इतकं आत नको की कॅब तोंडाशी सोडून जाईल. शासनाच्या योजनेतली नोकरदार महिला वसतिगृहं खासगी पीजीपेक्षा स्वस्त पडतात. उत्पन्नाची आणि राहण्याच्या मुदतीची मर्यादा असते, जागा मोजक्या असतात, त्यामुळं ऑफर आल्या दिवशीच अर्ज टाका. कर्वेनगर-कोथरूड पट्टा मुलींसाठी आजही चांगला आहे: रस्त्यावर रात्रीही वर्दळ, घरगुती डबे, आणि मेट्रो जवळ.

फसवणूक कशी होते

ऑनलाइन जाहिरातीत कोथरूडचा चकचकीत टू बीएचके पंधरा हजारांत. फोन केला तर समोरचा लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये असल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, बदली झाल्यामुळं घर द्यायचंय म्हणतो. मग सोसायटीचा ‘गेटपास’ किंवा ‘व्हिजिट टोकन’ म्हणून दोन-तीन हजार मागतो, किंवा ‘पैसे परत पाठवतो’ म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावतो. पैसे घ्यायला कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. घर आतून, कुलूप उघडून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

सोडताना

नोटीस ईमेलवर द्या आणि उत्तर मागून ठेवा. ‘डिपॉझिटमधून शेवटचं भाडं वळतं करा’ असं परस्पर ठरवू नका. मालक मान्य करत असेल तर ते लेखी घ्या. घरात आलात त्या दिवशी पंखे, गीझर, ट्यूब, नळ, भिंतींवरचे ओरखडे यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवले असतील तर निघताना तेच फोटो समोर ठेवून खोली एकत्र बघा. शेवटचं वीजबिल महिन्यानंतर येतं, म्हणून मीटरच्या रीडिंगवरून त्या दिवशीच रक्कम काढा आणि तेवढीच कापायला सांगा. किल्ली ज्याच्या हातात द्याल, त्याच्याकडून तारीख घालून पोच घ्या, आणि उरलेलं डिपॉझिट खात्यावर जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत ती पोच जपून ठेवा.